‘विलायती’, ‘वेडी’ आणि ‘सरकारी’: देशी वृक्ष-झुडपांच्या लागवडीच्या नियोजनाचा इतिहास

१. एका झाडाची अनेक नावे

अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेले प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा हे काटेरी झाड आज कच्छपासून रामनाथपुरमपर्यंत आणि दिल्लीपासून सोलापूरपर्यंत पसरलेले आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे सर्वत्र एकच झाड. परंतु भारतीय भाषांनी त्याला दिलेली नावे वेगवेगळी आहेत. दिल्लीच्या हिंदीत ते ‘विलायती किकर’ आहे. राजस्थानात त्याला ‘अंग्रेजी बावळियो’ म्हणतात. तमिळमध्ये ते ‘सीमै करुवेलम्’, म्हणजे परदेशातून आलेली बाभूळ, तर तेलुगूमध्ये ‘सर्कार तुम्मा’, म्हणजे सरकारी बाभूळ. कन्नडमध्ये त्याला बळ्ळारीचे नाव जोडले गेले आणि ते ‘बळ्ळारी जाली’ झाले. गुजरातीने त्याला ‘गांडो बावळ’ म्हटले आणि मराठीने ‘वेडी बाभूळ’.

ही नावे शेजारी शेजारी ठेवली तर एका झाडाचा सामाजिक इतिहासच त्यांतून उलगडतो. काही भाषांनी ते कोठून आले हे लक्षात ठेवले, तेलुगूने ते कोणी लावले हे लक्षात ठेवले, कन्नडने ते कोणत्या बाजूने पोहोचले हे लक्षात ठेवले. गुजराती आणि मराठीने मात्र त्याच्या मुळाची चौकशी न करता त्याच्या वागणुकीवर बोट ठेवले. लावले तेथे न थांबणारे, तोडले तरी पुन्हा फुटणारे, आपल्याखाली दुसरे काही सहजासहजी वाढू न देणारे झाड या भाषांना ‘वेडे’ वाटले. सर्व नावांत एक गोष्ट समान आहे: मूळ शब्द बाभळीचाच ठेवून त्याला विशेषण जोडण्यात आले आहे. म्हणजे परिचित झाडाच्या तुलनेतच नव्या झाडाची ओळख पटवून घेण्यात आली.

याच्या उलट दिशेने काम करणारी नावेही याच काळात घडली. चाऱ्यासाठी आणि इंधनासाठी १९७० च्या दशकात पुरस्कारल्या गेलेल्या मध्य अमेरिकन वृक्षाला ‘सुबाभूळ’ हे नाव मिळाले, आणि ग्लिरिसिडियाला ‘गिरिपुष्प’ हे संस्कृत वळणाचे नाव. लोकांच्या तोंडी मात्र याच ग्लिरिसिडियासाठी ‘उंदीरमारी’ हा शब्द रुळला, कारण त्याची बी आणि साल उंदरांना विषारी ठरते. प्रसाराच्या भाषेने परकेपण झाकले, तर बोलीने गुणधर्म नोंदवला. देशी वृक्ष आणि झुडपे लावण्याच्या नियोजनाचा इतिहास लिहिताना हा दुहेरी शब्दव्यवहार डोळ्यांआड करता येत नाही. कारण लागवडीची योजना हीदेखील एक संहिताच असते: तिच्यात ज्यांना नाव असते तेच रोपवाटिकेत वाढते, आणि ज्यांना नाव नसते ते जमिनीवरूनही हळूहळू नाहीसे होते.

२. जुन्या संहितांतील लागवडविचार

भारतातील वृक्षलागवडीच्या सर्वांत जुन्या लिखित पुराव्यांपैकी एक आज ज्या ठिकाणी उभा आहे ती जागा दिल्लीतच आहे. फिरोजशाह कोटल्यावरील अशोकस्तंभ फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात टोपरा येथून दिल्लीला आणवला. अशोकाचा सातवा स्तंभलेख केवळ याच स्तंभावर आढळतो. माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने वड लावले, आमराया लावल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खोदवल्या, असे त्यात सांगितले आहे. दुसऱ्या शिलालेखात आणखी एक तपशील येतो: माणसांना आणि पशूंना उपयोगी पडणाऱ्या औषधी वनस्पती, मुळे आणि फळे जेथे नव्हती तेथे ती आणवून लावण्यात आली.

हा तपशील महत्त्वाचा आहे. जेथे नाही तेथे आणून लावणे हे या लेखात पुण्यकर्म आहे. ‘देशी’ आणि ‘परके’ असा भेद तेथे नाही. निकष आहे तो उपयोगाचा आणि करुणेचा. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील वृक्षायुर्वेदाचा अध्याय लागवडीचे तंत्र सांगतो. दोन झाडांमधील अंतर वीस हात असल्यास उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात हे कमीत कमी, असे प्रमाण तो देतो. फार जवळ लावलेल्या झाडांची मुळे एकमेकांत गुंतून ती नीट फळत नाहीत, हे त्यामागचे कारणही सांगतो. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या स्वतंत्र ग्रंथात वनस्पती, द्रुम, लता आणि गुल्म असे चार वर्ग येतात. या ग्रंथाची पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे आणि नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये सिकंदराबादहून प्रसिद्ध झाला. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की गुल्म म्हणजे झुडूप हा या विचारात झाडाच्या बरोबरीचा वर्ग होता. आधुनिक रोपवन-योजनांतून पुढे तोच सर्वांत आधी गळाला.

मराठी गद्यातील या विषयावरचा सर्वांत प्रगल्भ विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आढळतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या या राजनीतिपर ग्रंथातील आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडाचा प्रश्न येतो. आंबा, फणस इत्यादी झाडांचे लाकूड कामाचे असले तरी त्यांना हात लावू देऊ नये, कारण ती वर्षादोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, असे ग्रंथकार बजावतो. एखादे झाड अगदी जीर्ण झालेले असेल तर धन्याची समजूत काढून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने ते तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये, अशी त्याची आज्ञा आहे. हा उतारा सभा-संमेलनांतून अनेकदा सांगितला जातो. त्यामानाने दुर्गप्रकरणातील वृक्षविचाराकडे कमी लक्ष गेले आहे. गडावर असलेली झाडे राखावीत आणि थोर वृक्षांपासून फुलझाडे-वेलींपर्यंत, उपयोगी-निरुपयोगी असा भेद न करता जे जे झाड तेथे होत असेल ते लावावे व जतन करावे, असे तेथे म्हटले आहे. प्रयोजन अर्थातच व्यावहारिक आहे. प्रसंगी त्यांचे लाकूड तरी कामी येईल. तथापि ‘जे होत असेल ते’ हा निकष जागेला मान देणारा आहे. कोणते झाड हवे, हे ठरवताना तेथे काय जगते याचा विचार आधी, हे सूत्र त्यात अनुस्यूत आहे.

या जुन्या संहितांना आजच्या पर्यावरणवादाचे पूर्वसूरी ठरविण्याचा मोह टाळावयास हवा. त्या राजसत्तेच्या संहिता आहेत. त्यांत सावली, फळ, औषध, लाकूड आणि संरक्षण यांचा विचार आहे, परिसंस्थेचा नाही. परंतु त्या तीन गोष्टी गृहीत धरतात: झाडाला लागणारा दीर्घ काळ, ते वाढवणाऱ्या माणसाचा हक्क, आणि जागेचा कल. पुढच्या काळातील योजनांचे यशापयश या तीन गोष्टींशीच निगडित राहिले, असे म्हणता येईल.

३. वसाहतकाळ: हिरवळीची घाई

मलबारातील निलंबूर येथे १८४० च्या दशकात सुरू झालेली सागाची लागवड ही आधुनिक भारतीय रोपवनांची आरंभीची खूण मानली जाते. १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस हे पहिले वनमहानिरीक्षक झाले, १८६५ आणि १८७८ चे वनकायदे आले, आणि जंगलाकडे पाहण्याची एक नवी लेखनपद्धती रूढ झाली. क्षेत्र, जाती, वयोगट, तोडीचा क्रम यांची कोष्टके मांडणारी कार्ययोजना हा तिचा गाभा होता. साग येथे देशीच होता. परंतु एकाच देशी जातीची एकसुरी रांग म्हणजे वन नव्हे, हा प्रश्न त्या लेखनपद्धतीत उपस्थितच होऊ शकत नव्हता.

कोरड्या प्रदेशांत प्रश्न वेगळा होता. तेथील निसर्ग नवागतांच्या डोळ्यांना ‘उजाड’ दिसे. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला हलविण्याची घोषणा झाल्यानंतर नव्या नगरीच्या पाठीशी असलेली अरवलीची शेवटची कडा, म्हणजे दिल्लीची रिज, हिरवी करण्याचे काम हाती घेण्यात आले. रिजवर मुळात बुटकी काटेरी झाडे, झुडपे आणि गवत होते. पावसाळ्यात दोन-तीन महिने हिरवे आणि एरवी करडे दिसणारे. वनप्रकारांच्या वर्गीकरणात याला उत्तर उष्णकटिबंधीय काटेरी वन म्हणतात. पण हे वर्गीकरण हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये मांडले; रिजवरची लागवड त्याच्या आधीच सुरू झाली होती. जे होते त्याला नाव मिळण्यापूर्वी त्याच्या जागी दुसरे आणले गेले. त्या काळात रिजवर पोहोचलेल्या विलायती किकराने पुढील दशकांत मूळ काटेरी वनाला मोठ्या प्रमाणावर मागे सारले.

मारवाडात हीच कथा संस्थानी आश्रयाखाली घडली. १९४० मध्ये जोधपूर दरबाराने या झाडाला राजवृक्षाचा मान दिला आणि त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात तर हा प्रयोग स्वातंत्र्यानंतर झाला. रणाची खारी जमीन पुढे सरकू नये म्हणून १९६१ च्या सुमारास वनखात्याने सुमारे ३१,५०० हेक्टरांवर ‘गांडो बावळ’ लावली. हेतू चांगला होता. हिशेब मात्र एकाच जातीचा होता. शेंगा खाणाऱ्या जनावरांच्या शेणातून बी सर्वत्र पसरले आणि गवताळ कुरणांवर काटेरी रान चढले. मालधारी पशुपालकांच्या कांकरेज गाईंना या शेंगा सोसत नाहीत. म्हशी त्या मानाने तग धरतात. म्हणजे एका वृक्षनिवडीने गवताचीच नव्हे, तर कळपांचीही घडण बदलली.

४. महोत्सव आणि मोजणी

स्वतंत्र भारतात वृक्षलागवड हा राष्ट्रीय विधी झाला. जुलै १९४७ मध्ये मोहिंदरसिंग रंधावा यांच्या पुढाकाराने दिल्लीत वृक्षारोपण-सप्ताह झाला होता. १९५० मध्ये केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी ‘वनमहोत्सव’ सुरू केला. मुनशी हे गुजरातीतील अग्रगण्य ऐतिहासिक कादंबरीकार होते, हे तुलनाकारांनी येथे ध्यानात घ्यावे. ‘महोत्सव’ हा शब्दच सांस्कृतिक पुनरुज्जीवनाच्या त्यांच्या एकूण प्रकल्पाशी सुसंगत आहे. लागवडीला उत्सवाचे रूप मिळाल्याने ती लोकांपर्यंत पोहोचली, हे तिचे यश. परंतु उत्सवाला दिवस असतो, पाहुणे असतात आणि आकडा असतो. त्याला दुसरा उन्हाळा नसतो. रोप लावल्याची नोंद होत राहिली, जगल्याची नोंद क्वचितच झाली. तुकोबांच्या एका सर्वपरिचित अभंगाचा आरंभ रोपवनांच्या फलकांवर झळकू लागला. फलकामागील रोप कोणत्या जातीचे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारला नाही.

राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये सामाजिक वनीकरणाची शिफारस केली. गावाला सरपण, चारा आणि किरकोळ लाकूड मिळावे, हा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी झटपट वाढणाऱ्या निलगिरीने आणि सुबाभळीने तो व्यापला, कारण लगदा-उद्योगाची मागणी आणि लक्ष्यपूर्तीची सोय या दोन्हींना त्याच जाती सोयीच्या होत्या. १९८३ मध्ये कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी वनखात्याच्या रोपवाटिकेतील निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी चिंचेचे बी पेरले. या कृतीकडे केवळ निषेध म्हणून पाहणे अपुरे आहे. ती एक पर्यायी योजनाच होती: चिंच सावली देते, फळ देते, पिढ्यान्‌पिढ्या टिकते. विशेष म्हणजे चिंच हा वृक्षही मूळचा आफ्रिकेतील मानला जातो. पण शतकानुशतकांच्या सहवासाने तो लोकांच्या व्यवहारात ‘आपला’ झालेला आहे. ‘देशी’पणाची लोकसंकल्पना आणि वनस्पतिशास्त्रीय संकल्पना यांतील फरक या प्रसंगातून स्पष्ट होतो.

मोजणीचा मोह पुढेही ओसरला नाही. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपे लावण्याची लक्ष्ये ठेवली. एवढ्या संख्येची रोपे पुरवायची तर रोपवाटिकांना बी सहज मिळणाऱ्या आणि लवकर उगवणाऱ्या जातींकडेच वळावे लागते. मग कांडोळ, मोखा, सालई किंवा हिवर यांची पाळी येत नाही, आणि कंथार, नेपती, तोरण यांसारख्या झुडपांची तर नाहीच. म्हणजे जातींची निवड पुष्कळदा योजनाकार करीत नाही, आकडा करतो.

५. राखलेली राने: देवराई आणि बनी

या सरकारी प्रवाहाला समांतर असा दुसरा प्रवाह होता. लावण्याचा नव्हे, राखण्याचा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या या छोट्या रानांत मूळ वनस्पतींचा केवढा ठेवा टिकून आहे, याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. उत्तरेतही असे अवशेष आहेत. दिल्लीच्या दक्षिणेस, हरियाणाच्या हद्दीत असलेली मांगर बनी ही गुज्जर समाजाने गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेने राखलेली दरी आहे. परिसरात विलायती किकराचे राज्य असताना या दरीत धौ या झाडाचे सलग वन उभे आहे.

ग्रंथसंपादनाशी परिचित असलेल्या वाचकाला या अवशेषांचे महत्त्व चटकन उमगेल. मूळ संहिता हरवलेली असते, हाती येतात त्या पुष्कळ भ्रष्ट पोथ्या आणि एखाद्या कोपऱ्यात बचावलेली एखादी चांगली पोथी. मांगर बनी ही अरवलीच्या वनाची अशी बचावलेली पोथी आहे. नष्ट झालेल्या टेकडीवर काय लावावे, याचे उत्तर शेजारच्या अशा रानातून शोधावे लागते. अर्थात पाठचिकित्सेतील सावधगिरी येथेही हवी. देवराईदेखील मानवी हस्तक्षेपाने घडलेली असते. तिच्यातील प्रत्येक गोष्ट ‘मूळ’ असते असे नाही. आणि दरीतील वन कड्यावरच्या उघड्या खडकाला लागू पडत नाही. एकच साक्षीदार पुरेसा नसतो, अनेक पडताळून पाहावे लागतात.

६. नियोजनाचे नवे व्याकरण: तीन प्रयोग

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुरू झालेल्या काही पुनर्स्थापना-प्रयोगांनी या सावधगिरीला कार्यपद्धतीचे रूप दिले.

पहिला प्रयोग दिल्लीतील जैवविविधता उद्यानांचा. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठातील ऱ्हास पावलेल्या परिसंस्थांच्या पर्यावरण-व्यवस्थापनाचे केंद्र यांनी सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वजिराबादजवळ यमुना जैवविविधता उद्यान आणि वसंत विहारालगत ६९२ एकरांचे अरवली जैवविविधता उद्यान उभारले. दुसऱ्या जागेवर खाणकामाने झालेले खड्डे आणि त्यांभोवती विलायती किकर होते. येथे केवळ झाडे नव्हे, तर वनसमुदाय लावण्याची कल्पना पुढे आली: वरचा थर, मधला थर, झुडपे, वेली आणि गवत यांची सांगड. सुरपालाच्या चार वर्गांतील गुल्म आणि लता अशा रीतीने पुन्हा योजनेत आल्या. किकर एकाच वेळी साफ करण्याऐवजी त्याच्या फांद्या छाटून प्रकाश आत सोडायचा, देशी रोपे वर आल्यावर त्यांच्या सावलीने त्याला मागे ढकलायचे, ही क्रमशः पद्धत हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

दुसरा प्रयोग जोधपूरचा. मेहरानगडाच्या पायथ्याची सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमीन २००६ पासून प्रदीप कृष्ण यांच्या देखरेखीखाली राव जोधा वाळवंटी शिलोद्यान म्हणून विकसित झाली. २०११ मध्ये ते लोकांना खुले झाले. येथील ज्वालामुखीजन्य कठीण खडकाच्या भेगांत बावळियाची मुळे शिरलेली होती. वरून तोडले तर ते पुन्हा फुटे. त्याचा फुटवा ज्या भागातून येतो तो सुमारे दीड फूट खोल खडकातून काढणे भाग होते. यंत्रे निरुपयोगी ठरली. अखेरीस कामास आले ते खांडवालिये, म्हणजे पिढीजात दगड फोडणारे स्थानिक खाणकामगार. हातोड्याच्या आवाजावरून खडकाचा कस आणि भेगांची दिशा ओळखण्याचे ज्ञान त्यांच्याजवळ होते. मुळे काढून झालेले खड्डे हेच नव्या रोपांचे आळे झाले. त्यात थोर, कुमठ, गुग्गुळ, खींप, बुई अशी मरुभूमीच्या खडकावर जगणारी झाडे-झुडपे लावण्यात आली. बागेची सुपीक माती घालण्याचा मोह टाळला गेला, कारण श्रीमंत मातीत तणच माजते. जोधपूर दरबाराने गौरविलेले झाड त्याच दरबाराच्या गडाखालून, दगडफोड्यांच्या हातांनी काढले गेले, ही घटना केवळ योगायोगाची म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

तिसरा प्रयोग गुरुग्राममधील अरवली जैवविविधता उद्यानाचा. सुमारे ३८० एकरांच्या या जुन्या खाणक्षेत्रावर २०१० पासून नागरिकांच्या पुढाकाराने आणि विजय धस्माना यांच्या मार्गदर्शनाने काम झाले. संरक्षित क्षेत्राबाहेरील जैवविविधतेचे भारतातील पहिले मान्यताप्राप्त स्थळ म्हणून त्याची घोषणा फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. हवी ती रोपे बाजारात मिळत नाहीत, हा येथील पहिला धडा होता. बी अरवलीतील उरलेल्या रानांतून गोळा करावे लागले आणि रोपवाटिका जागेवरच उभारावी लागली. धौचे उदाहरण बोलके आहे. या झाडाला बी भरपूर येते, पण त्यातील सजीव बी फारच थोडे. निसर्गात त्याचा प्रसार बराचसा मुळांच्या फुटव्यांनी होतो. म्हणून ज्या झाडाने अरवली झाकलेली होती तेच रोपवाटिकेच्या यादीतून सर्वप्रथम वगळले जात होते.

या तिन्ही प्रयोगांतून नियोजनाचा एक क्रम सिद्ध होतो. आधी जागेचे वाचन: खडक, मातीची खोली, उतार, पाणी कोठे थांबते, काय आधीच जगते आहे. मग शेजारच्या राखलेल्या रानाशी तुलना. मग आक्रमक जातींचा बंदोबस्त, आणि तो एका हंगामात संपत नाही हे मान्य करणे. मग स्थानिक बी, आणि त्यासाठी लागवडीच्या निदान एक-दोन वर्षे आधी सुरू केलेली रोपवाटिका. पहिल्या पावसानंतर लागवड, चराईपासून रक्षण, सुरुवातीची दोन-तीन वर्षे तणनियंत्रण आणि गरजेपुरते पाणी, पुढे ते बंद. या क्रमात झुडपाचे स्थान दुय्यम नसते. काटेरी झुडपाच्या आडोशाला झाडाचे रोप शेळीच्या तोंडातून वाचते; पक्षी फळांसाठी झुडपावर बसतात आणि दुसरे बी तेथे टाकून जातात. झुडपाविना लावलेले झाड कुंपणाविना ठेवलेले असते.

हे व्याकरण सर्वत्र सारखे लागू होत नाही. अकिरा मियावाकी यांच्या नावाने प्रसिद्ध असलेली दाट लागवडीची पद्धत गेल्या काही वर्षांत भारतीय शहरांत लोकप्रिय झाली आहे. मियावाकींचा आग्रह त्या त्या जागेच्या संभाव्य नैसर्गिक वनस्पतींचा होता. परंतु ही पद्धत गवताळ माळावर वा विरळ काटेरी वनाच्या जागी वापरली, की देशी झाडे लावूनही देशी परिसंस्था नष्ट होऊ शकते. बन्नीच्या कुरणावर वृक्ष लावणे ही मुळातच चूक होती. वृक्ष अमेरिकन होता ही त्यावरची दुसरी चूक.

७. ‘देशी’ या शब्दाची जोखीम

मराठी समीक्षेला ‘देशी’ हा शब्द नवा नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाच्या मांडणीपासून या संज्ञेभोवती मोठा वाद झालेला आहे, आणि तिचे संकुचित राजकीय वाचन होऊ शकते, हा आक्षेपही जुना आहे. वनस्पतींच्या संदर्भात ही जोखीम कमी होत नाही. आलेल्या झाडाविषयीचा राग आलेल्या माणसाविषयीच्या रागाचे रूपक होऊ शकतो. म्हणून येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. चिंचेप्रमाणे परदेशातून येऊन परिसंस्थेत सामावलेली झाडे पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी तक्रार नाही. प्रश्न येतो तो इतरांची जागा बळकावणाऱ्या जातीचा, आणि त्याहूनही तिला ठरवून पसरविणाऱ्या योजनेचा. या दृष्टीने तेलुगूचे ‘सरकारी’ हे विशेषण ‘विलायती’हून अधिक न्याय्य आहे.

दुसरी जोखीम अधिक मूर्त आहे. गेल्या अनेक दशकांत विलायती किकर हा गरिबांच्या चुलीचा आधार झाला आहे. राजस्थान, कच्छ आणि तामिळनाडूत त्याच्या सरपणावर व कोळशावर हजारो कुटुंबे जगतात. शेळ्यांना उन्हाळ्यात त्याच्याच शेंगा मिळतात. तामिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठासमोर ‘सीमै करुवेलम्’ उपटण्याचे प्रकरण आले, २०१७ मध्ये आधी व्यापक निर्मूलनाचे आदेश झाले आणि त्याच वर्षी त्यांना स्थगितीही मिळाली. यावरून प्रश्नाची गुंतागुंत दिसते. देशी वन परत आणण्याची योजना सरपण गोळा करणाऱ्या स्त्रीला काय देणार, याचे उत्तर तिच्यात नसेल, तर ती योजना आज्ञापत्रातील इशाऱ्याच्या विरुद्ध जाते: धन्याच्या संतोषाविना तोडलेले झाड. २०२३ मध्ये सुरू झालेल्या अरवली हरित भिंत प्रकल्पासारख्या चार राज्यांत पसरलेल्या योजनांची कसोटी याच ठिकाणी लागणार आहे.

८. समारोप

पळसाला दिल्लीच्या परिसरात ‘ढाक’ म्हणतात, रोंझला मराठीत ‘हिवर’, हिंगोटाला ‘हिंगणबेट’, कैरला ‘नेपती’, कुलूला ‘कांडोळ’. हालाच्या ‘गाथासप्तशती’त पळस आणि मोह येतात ते याच मध्य भारतीय कोरड्या वनाच्या विस्तीर्ण पट्ट्यातून. अरवली आणि दख्खनचे पठार यांची ही वनस्पतींची भाऊबंदकी भाषांच्या सीमा ओलांडते. आणि प्रत्येक भाषेने तिच्यातील वेगवेगळे तपशील सांभाळले आहेत. सरकारी यादीत ‘इतर’ या रकान्यात पडणाऱ्या झुडपांना बोलींत स्वतंत्र नावे आहेत, ती कोणत्या जमिनीवर येतात, केव्हा फळतात, कोणते जनावर त्यांना तोंड लावत नाही, हे त्या नावांबरोबर सांगितले जाते. ही माहिती मेंढपाळ, दगडफोडे, वैदू आणि सरपण आणणाऱ्या स्त्रिया यांच्याकडे आहे, आणि ती सांगणारी पिढी वयोवृद्ध होत आहे.

म्हणून देशी वृक्ष आणि झुडपांच्या लागवडीचे नियोजन हे केवळ वनखात्याचे काम राहत नाही. एका प्रदेशातील झाडझाडोऱ्याची मराठी, राजस्थानी, गुजराती, तेलुगू आणि गोंडी-भिली नावे तुलनेने लावून, त्यांतील निरीक्षणांसह त्यांचा कोश सिद्ध करणे, हे भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या आवाक्यातले आणि रोपवाटिकेला प्रत्यक्ष उपयोगी पडणारे काम आहे. जोधपूरच्या खडकावर हातोड्याच्या आवाजाने जे साधले, ते त्या आवाजाचा अर्थ जाणणारी माणसे हयात होती म्हणून साधले. मराठी मुलखातील टेकड्यांसाठीही तशी माणसे आज आहेत. योजनेच्या पहिल्या पानावर त्यांना स्थान मिळते की आकड्याला, यावर पुढील वने अवलंबून राहतील.